खाल्लं, जेवलो नाही

पोटासाठी आलो होतो सोहारला, अठरा वर्षांपूर्वी.
आता पोटच म्हणतंय, बास.

डॉक्टर लतीफांनी कागद माझ्याकडे वळवला.
नऊ पूर्णांक चार, तीन महिन्यांची साखर.
मग बोटांवर मोजत माझं अख्खं ताट रिकामं केलं:
भात नाही, चपाती नाही, खुबूस नाही,
साखर नाही, गूळ तर नाहीच.
खजूर? मी विचारलं.
त्या नुसत्या हसल्या.

कपाटात, शर्टांच्या खाली
आईने दिलेला दीड किलो घनसाळ आहे,
आजऱ्याच्या आमच्या चार गुंठ्यांतला,
तोंडाला लुगड्याची चिंधी बांधलेला.
सगळ्या शर्टांना त्याचा वास.
बंदरावर, क्रेनच्या सावलीत, घाम आला की
माझ्या बगलेत भात शिजतो.

पहिले तीन दिवस डोकं ठणकलं.
चौथ्या दिवशी सजीवनने कुकर लावला,
त्याचा तो लाल, जाडा, केरळी तांदूळ,
ज्याला मी वर्षानुवर्षं नावं ठेवली.
दुसऱ्या शिट्टीला मी चप्पल घातली.
समुद्राकडे तोंड करून काकडी खाल्ली,
कुणाचं तरी देणं फेडावं तशी.

सुलेमान बलूशीला मुलगा झाला.
तो हलव्याचं भांडं घेऊन सगळ्या स्टोअरमध्ये फिरला,
केशराचा, तुपाने चकाकणारा, अजून कोमट.
कहवा नको असेल तर कप हलवायचा,
हे इथे पहिल्याच वर्षी शिकलो.
हलव्याला नको म्हणताना काय हलवायचं
ते कुणी शिकवलं नाही.
मी मान हलवली. त्याचा चेहरा उतरला.
मग बोटाला लागेल एवढाच घेतला.
म्हणजे, वहीत तसं लिहिलं.

रात्री उज्ज्वलाचा फोन.
जेवलासा?
खाल्लं, मी म्हणतो.
पलीकडे ती गप्प.
तीन अंडी, कोबी, तळलेला बांगडा,
पोट तुडुंब, आणि तरी
खाल्लं आणि जेवलो यांच्या मधे
एक अख्खं पातेलं उपाशी बसलेलं.
आईने फोन ओढून घेतला.
दिवाळीला येतो, मी म्हणालो.
तुझ्या तोंडात साखर पडो, ती म्हणाली.
उज्ज्वला मागून हसली, मग दोघीही थांबल्या.

अकराव्या रात्री घसरलो.
अफगाणी बेकरीच्या खिडकीतून
तंदुरातला एक खुबूस, फुगलेला,
दोन्ही हातांत झेलत नेला
एसीच्या घोंघावणाऱ्या डब्यांमागे
आणि उभ्याने खाल्ला, कालवणाशिवाय, पाण्याशिवाय.
चोरासारखा, म्हणणार होतो,
पण चोर दुसऱ्याचं खातो.
घरी येऊन वहीत ती ओळ कोरी सोडली.
डॉक्टर विचारतील तर सांगेन, पेन संपलं होतं.

शुक्रवारी मृदुलाचं लग्न लागलं,
माझ्या थोरल्या भावाची मुलगी.
मुहूर्त तिकडचा अकरा पस्तीस, इकडे दहा पाच.
फोन चहाच्या डब्याला टेकवून उभा केला,
घनसाळची चिंधी सोडली,
मूठभर तांदळाला हळद लावली,
कुंकू नव्हतं.
सजीवनलाही थोडे दिले, तो लुंगी नीट करून उभा राहिला.
सावधान, भटजी म्हणाले.
तेच तर डॉक्टर म्हणाल्या होत्या.
आम्ही दोघांनी अक्षता टाकल्या
सहा इंची मांडवावर.
काही काचेला आपटून परतल्या,
काही गेल्या खाटेखाली.
चित्र मधेच गोठलं,
मृदुला हार उंचावून तशीच थांबली.

पंगत बसेपर्यंत मी फरशीवर गुडघे टेकून
दाणे वेचत होतो.
एक तोंडात टाकला. कच्चा, हळदीचा.
चावला नाही, नुसता जिभेवर ठेवला
मऊ पडेपर्यंत.
बाहेरून सजीवन ओरडला, तुझा लावू का रे?
तोंड उघडता येईना.

रात्री वहीत लिहिलं:
अंडी दोन. कोबी. काकडी अर्धी.
तांदूळ, एक.