साडेचोवीस

खोक्यावर लाल अक्षरात बाराशे वॅट.
खोक्यावर काहीही लिहितात.
मी चष्मा कपाळावर ढकलतो, डबा डोळ्यांजवळ धरून
खालची मुंगीएवढी ओळ वाचतो:
आरएमएस तीनशे.
माणूस तीनशेचाच असतो, शेषराव.
बाराशे एखाद्या क्षणी, भांडणात.

शेषराव खांडेभराड, रोलिंग मिलवर सतरा वर्षं,
जुनी इंडिका माझ्या शटरपुढं तिरपी लावून
म्हणतात, "मोठ्यातला मोठा टाका.
बारीक आवाज मला येतच नाही आता.
पोरगी हाक मारती, तोंड हललेलं दिसतं."

सबवूफर पालथा घालतो.
दोन कॉइल, चार-चार ओहमच्या.
एकामागं एक जोडल्या तर आठ, ॲम्प पेंगत राहील.
शेजारीशेजारी जोडल्या तर दोन,
आणि हा ॲम्प दोनपर्यंत तग धरतो.
त्याच्या खाली तापतो, मग वास येतो.
अझीम अजून बोटांवर मोजतो हे.
मोजू दे.

"लहान ॲम्प घेतला तर? स्वस्तात?"
लहान ॲम्प गप नाही बसत,
ओरडायला लागतो,
आणि ओरडताना लाटेचं डोकंच जातं,
कणीस खुडलेल्या धांड्यासारखं.
सपाट लाट कॉइल भाजते.
ताकद कमी पडूनही वस्तू जळतात, शेषराव,
लोकांना हे पटत नाही.

डिक्कीतला रंग खरवडला,
उघड्या पत्र्याला अर्थ दिली.
चकाकतं लोखंड बघून ते हसले, "आमच्याकडचंच असंल."
जालन्यात कुणीही हे म्हणू शकतं.

आता स्पीकर सोडवलेला. पन्नास हर्ट्झचा एकच सूर चालू,
कुणालाच न ऐकू येणारा.
मीटरच्या दोन्ही टोचण्या टर्मिनलवर.
तीनशे गुणिले दोन, सहाशे. त्याचं वर्गमूळ साडेचोवीस.
गेनचा स्क्रू केसाएवढा फिरवतो.
एकोणीस.
बावीस.
चोवीस आणि थोडं.
थांबलो.

"अजून जरा?"
नाही.
"काहून?"
मिलमध्ये तुम्हाला कुणी थांबवलं नाही म्हणून.
हे मी मोठ्यानं बोललो नाही.

वायर जोडली. गाणं लावणार तेवढ्यात
त्यांनी तळहात कोनवर ठेवला,
ताप बघतात तसा.
"गाणं नको. हेच राहू द्या थोडं."
मागच्या काचेतली धूळ थरथरत खाली आली.
ते तसेच वाकून उभे, पाच मिनिटं असतील,
डोळे मिटलेले, कोपरापर्यंत हात गुणगुणता.

समोरच्या टपरीवरून कुणीतरी काहीतरी ओरडलं.
शेषरावांनी वळून पाहिलं नाही.
मीही नाही.
अझीमनं माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं.

बाकीचे दुकानदार कानानं लावतात गेन.
मी मीटरनं लावतो.
लोक म्हणतात, काम पक्कं आहे.