चूल न विझवता

कास्त्रोच्या इस्पितळात, तळघरात,
एक्केचाळीस सर्व्हर आहेत, असं कागद म्हणतो.
मी मोजले. बेचाळीस भरले.
पुन्हा मोजले, एकेकाला बोट लावून.
बेचाळीसच.

जास्तीचा जिन्याखाली होता,
जुन्या एक्स-रे फिल्मच्या खोक्यांमागे,
पिवळा पडलेला, पंख्याला दम लागलेला.
अंगावर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने:
बंद करू नये.
खाली सही नाही, तारीख नाही.

आराखडा तसा साधा.
एक्केचाळीस डबे जातील, चार दणकट यजमान येतील,
त्यांच्या पोटात सगळे भाडेकरू,
आणि प्रत्येकाला वाटेल, घर आपल्या एकट्याचं.
कोण किती मेमरी खातो, कुणाला पहाटे भूक लागते,
सहा आठवडे लिहून काढलंय.
रक्तपेढी दुपारी धापा टाकते.
पगाराचं यंत्र महिनाभर घोरतं,
अठ्ठावीस तारखेला त्याला कापरं भरतं.
एक्स-रेचं साठवण काहीच विसरत नाही, नुसतं फुगतं.

संचालक दोन्या मिरेया बारिया चष्मा पुसत म्हणाल्या,
"तिघांत मावतं म्हणतेस. मग चौथा कशाला?"
"रिकामा ठेवायला."
"रिकाम्याला पैसे मोजायचे?"
"एक पडला, तर त्याच्यातले निजतील कुठे?"

त्यांना पटेना. मग मी घराचं सांगितलं.
सात वर्षांची होते. मामाचं घर ओढलं आम्ही.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या आठ जोड्या,
दोराला अख्खं गाव.
भरतीला पाण्यात सोडलं, होड्यांनी पलीकडे नेलं.
मामी आतच बसलेली.
म्हणाली, चूल विझवणार नाही, बटाटे शिजतायत.
खाडीवरून घर चाललंय
आणि धुराड्यातून धूर.

"तसंच करायचंय. वर नोंद उघडी,
नर्सचं बोट कळीवर,
आणि खालचं यंत्र बदललेलं.
तिला कळताच कामा नये."

त्यांनी सही केली. बटाट्यांचं विचारलं नाही.

राहिला बेचाळिसावा.
प्रयोगशाळेला विचारलं, औषधभांडाराला, चॅपलच्या पाद्र्यालाही.
कुणी हात वर केला नाही.
अशा वेळची रीत जुनी आहे:
तार काढा, कोण ओरडतं ते ऐका.
मंगळवारी तार काढली.
बुधवारी शांतता. गुरुवारी शांतता.
मी यादीत त्याच्यापुढे लिहिलंसुद्धा, मृत.

शुक्रवारी पाच चाळीसला रेडिओ खरखरला.
केउई बेटावरून नोल्बेर्तो नाउएलकेन,
रुग्णांची होडी चालवणारा.
"भरतीचा निरोप तीन दिवस नाही.
आज अंदाजाने निघालो. बूड वाळूला लागलंय.
मागे बाई आहे, कळा सुरू."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तार जागेवर होती.
पंखा खोकला, मग चालू लागला.
पण पाणी माझ्या तारेचं ऐकत नाही.
ते आपल्या वेळेने चढलं,
चाळीस मिनिटांनी.

बाई पोचली. बाळही.
माझी झोप अजून पोचायची आहे.

मग आत पाहिलं. अकरा ओळींचा प्रोग्राम:
समुद्राची उंची वाचतो,
पहाटे साडेचारला सहा बेटांना कळवतो.
शेवटी नुसतं, लिसांद्रो, रात्रपाळी.
आता इथे कुणी लिसांद्रो नाही.
निवृत्त झाला, उत्तरेला खाणीत गेला,
की गेलाच,
तिघं तीन सांगतात.

आराखड्यात ओळ वाढवली:
बेचाळीस. भरती. एक कोर, अर्धा जीबी.
आधी उठवायच्या क्रमात पहिली.
दोन्या मिरेया म्हणाल्या, "रक्तपेढीच्याही आधी?"
"होडी आल्याशिवाय रक्त कुणाला देणार?"

डबा भंगारात गेला.
चिकटपट्टी मात्र मी नखाने सोडवून घेतली,
चौथ्यावर लावली, रिकाम्यावर.
खाली सही केली, तारीख घातली,
आणि फोन नंबर.