पुसणी

अम्मा विचारते, जहाजावर करतीस काय तू नेमकं?
मी म्हणते, पुसते.
म्हणजे फडकंच की,
ती म्हणते, आणि मांडीवरच्या सुपातलं
पुढचं पान कात्रीनं कापते.

फडकं नाही गं. रुपयाएवढा कागद,
ओला, चिमट्यात धरलेला.
बेसिनचा काठ, फ्रिजची मूठ,
प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावरचं रबर,
चहाच्या किटलीचा कान.
एक जागा, एक कागद, एक बाटली.
बाटल्या रात्रभर यंत्रात मोजायच्या:
कोण काय सांडून गेलंय ते.

आधीच्या सफरीत कुणी शेवाळाला
कार्बन-चौदा पाजला होता,
किती खातंय बघायला. त्यात पाप काही नाही.
पण आता दुसरे येणार, तळातलं पाणी उपसणार,
त्याचं वय काढणार,
आणि त्या सांडलेल्यातलं कणभर जरी शिरलं
तर हजार वर्षांचं पाणी
कालचं म्हणून निघतं.

आपल्या पिंपातलं चार दिवसांचं, अम्मा म्हणते.
यंत्र कशाला? नळ मंगळवारी आलता.

या खेपेला सत्तेचाळीस नंबरची बाटली बोलली.
फ्रिजच्या मुठीची आतली बाजू,
जिथं चार बोटं वळतात.
हातमोज्यासकट उघडलं असणार कुणीतरी दार,
घाईत,
किंवा दोन्ही हात भरलेल्या दुसऱ्या कुणासाठी.
तीनदा धुतलं, तीनदा मोजलं. उतरलं.
शून्यावर नाही. शून्यावर ते येतच नाही,
कोरा कागद घातलेली बाटलीसुद्धा
जराशी पुटपुटते.
त्या पुटपुटण्याएवढं झालं की मी सही करते.

अशोक चौकातलं घर. माग विकून सहा वर्षं झाली.
खिडकीच्या फटीतून अजून टॉवेलचा कापूस निघतो,
गुलाबी,
नान्नांनी शेवटी लावलेल्या रंगाचा.
दाराच्या कडीला तंबाखू.
मी सवयीनं बोट फिरवते, नाकाशी नेते.

ऱ्हाऊ दे ते, अम्मा म्हणते, मान वर न करता.
बिडीला दोरा गुंडाळते.
आजची हजार व्हायला अजून दोन कट्टे कमी आहेत.
हात धू आणि बस, भाकरी झाकून ठेवलीय.

मी मोरीत जाते.
पिंपात गडू टेकतो, तळ वाजतो.
अर्ध्या गडूत
दोन्ही हात.