जातो

गोकुळ शिरगावच्या आमच्या फौंड्रीत
एक तारखेपासून नवा नियम :
मोठ्या गेटातनं फक्त तीच चारचाकी
जिच्यात माणसं दोन किंवा जास्त.
एकट्यानं मागनं जायचं,
जळक्या वाळूच्या ढिगाला वळसा घालून.
नऊ मिनिटं, अकरा खड्डे.

आकाराम तात्या काच खाली घ्यायला लावतात,
वाकून बघतात.
"एकच हाय, अतिग्रे मॅडम."
मी ओढणी बाजूला केली.
सातवा चालू आहे. सीटबेल्टचा एक पट्टा
पोटाच्या वरनं, एक खालनं,
मधल्या बेटाला न शिवता.
"दोन," मी म्हटलं.

मागं स्टोअरचा टेम्पो हॉर्न मारत होता.
तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.
"खोटं कुठं म्हणतोय मी? पर वहीत डोकी लिवायची असत्यात.
आन् तुमीच न्हाई का सांगितलं पोरांना,
साचा फुटल्याबिगर नग मोजायचा न्हाई?"

सांगितलंय. क्वालिटीच्या फळ्यावर
माझ्याच अक्षरात आहे.
वाळूच्या आत काय धरलंय, काय नाही,
ते वाळूलाच ठाऊक.
मागच्या वर्षीचं, अकराव्या आठवड्यातलं,
कुठल्याच वहीत नव्हतं.
तेव्हाही हीच गाडी चालवत दवाखान्यात गेलो होतो.
येताना एकटी.

आणि नियमाचंही खरंच आहे.
रस्त्यावरची एक गाडी कमी व्हावी म्हणून तो.
माझ्या पोटातल्यानं
कुठली गाडी घरी ठेवली?
कळतं हे सगळं.
पण अकरा खड्डे कुणाकुणाला बसतात
त्याचा रकाना तात्यांच्या वहीत नाही,
माझ्या फळ्यावरही नाही.

"मागनं जातो, तात्या."
रिव्हर्स टाकला. टेम्पोवाला काहीतरी पुटपुटला.

पुण्याची जाऊ हसते आमच्या बोलण्याला :
बाई असून जातो, येतो, जेवतो, कसलं गं हे?
आजवर उत्तर सुचलं नव्हतं.
आमच्यात असंच म्हणतात, एवढंच सांगायचो.
आज ढिगाच्या वळणावर, दुसऱ्या गियरमध्ये,
तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघितलं :
मी जातो.
आम्ही जातो.
शब्द तसूभरही हलला नाही.

आरशात तात्या वहीवर वाकलेले दिसले,
एकाचा आकडा काढत असणार.
पहिला खड्डा आला.
आतनं लाथ बसली.
"होय बाबा," म्हटलं, "हळू घेतो."