मोजे

अडतीस वर्षं मी शेतं मोजली,
घाटीगाव, चिनोर, भितरवार.
शंभर कड्यांच्या जरिबीच्या त्या टोकाला हरप्रसाद उभा,
उन्हात हात हलवून ओरडायचा, "नापो, साहब!"
आपल्या भाषेत सांगायचं तर: मोजा.
आता तोच शब्द पायात चढवलाय
आणि तो मला मोजतो.

करड्या रंगाचा, घोट्यापाशी सुपारीएवढी डबी,
तळव्यात केसासारख्या तारा.
कंपूच्या दवाखान्यात फरहीननं स्वतः बसून घालून दिला,
मी पाय मागे घेत होतो, लाजून.

माझ्या तळव्यांनी तीन वर्षं अबोला धरलाय.
भांडण साखरेशी, राग माझ्यावर.
ओली फरशी, तापलेला दगड, मुंग्यांची रांग,
काही म्हणजे काही कळवत नाहीत.
घरात दोन माणसं बोलेनाशी झाली
की मधे पोर घालतात ना,
"जा, त्यांना सांग, चहा झालाय",
तसा हा मोजा मधे बसतो.
तळवा त्याला सांगतो, तो फोनला,
फोन खिशात थरथरतो:
उजवी टाच. फार वेळ झाला. बसा.

गेल्या वर्षी हा मध्यस्थ नव्हता.
शर्टाचं बटण तुटून बुटात पडलं.
ते घेऊन मी बाड्यापर्यंत गेलो, आलो,
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.
इकडे शरयू घरभर ते शोधत होती,
सुईत दोरा ओवून.
रात्री बूट उलटा केला तेव्हा सापडलं.
पांढरं बटण, पांढरं राहिलं नव्हतं.
डाव्या पायाची करंगळी त्या बटणापायी गेली.
शर्टाला तिसरं बटण आता निळं आहे.

फरहीन पडद्यावर माझे तळवे उघडते.
खसऱ्याचे नकाशे वाचलेला माणूस मी, चष्मा पुसतो:
हिरवं रान, पिवळी पडीक,
अंगठ्याखाली लाल तुकडा, वादातली जमीन.
"यहाँ वज़न मत डालिए."
दोन पायांत दोन अंशांहून फरक राहिला
तर समजायचं, आत काहीतरी पेटलंय.
न दुखता.

संक्रांतीच्या आधी मी गजक खाल्ली.
चोरून. कागद तुळशीच्या कुंडीत पुरला.
शरयूला सापडला.
ती ओरडली नाही, बोलायचीच थांबली.
घरात दोन अबोले झाले.

अकराव्या दिवशी फरहीननं आलेख मागे सरकवला.
"अंकल, ये रात को सवा ग्यारह बजे क्या होता है?"
रोज. दोन्ही पाय. चालण्याचा भार शून्य.
आधी एक बारीक खाच,
मग ऊब चढत जाते, लहान टेकडीसारखी,
बारा मिनिटं. मग उतार.
हीटर? गरम पाण्याची पिशवी? मनाई आहे ना!
नाही, म्हटलं. सवा अकराला मी झोपलेला असतो.

त्या रात्री झोपलो नाही. घोरलो मात्र.
बाहेर धुकं, किल्ला संध्याकाळपासूनच नाहीसा.
मोरीतला नळ बंद झाला.
पलंगाच्या पायथ्याशी गादी दबली.
पायांना काही कळलं नाही,
पायांना काहीच कळत नाही.
रजईच्या आत फोन धरून मी बघत होतो:
अठ्ठावीस पूर्णांक चार.
अठ्ठावीस पूर्णांक एक. भांडी घासलेले गार हात.
अठ्ठावीस पूर्णांक तीन.
सहा.
नऊ.
उभ्या नोकरीत एक कडी चुकलो नव्हतो.
एकोणतिसाच्या पुढचे आकडे
मला नीट वाचता आले नाहीत.

सकाळी तिनं कप समोर ठेवला, न बोलता.
मी म्हटलं, साखर नको.
म्हणाली,
घातलेलीच नाहीये.