घोडं कुठे पेंड खातं

सहाव्या मजल्यावरच्या लाइने पिह्लाकबाईंनी
रविवारी सकाळी दार ठोठावलं, बेल चालू असताना.
म्हणाल्या, तू लिफ्ट दुरुस्त करतोस ना,
मग माझा कॉम्प्युटरही होईल तुझ्याच्यानं.
म्हटलं, बाई, मला फक्त वर आणि खाली कळतं.
म्हणाल्या, पुरे तेवढं.

तार्तूत त्या दिवशी उणे अठरा.
नदीच्या बर्फाला भोकं पाडून माणसं गळ टाकून बसलेली,
आणि बाईंच्या खोलीत टेबलाखाली एक पेटी
तशीच बसलेली, काहीतरी लागेल म्हणून.
कधीकाळी पांढरी असावी,
आता म्हाताऱ्या दातांच्या रंगाची.
पुतण्या सांगून गेला होता, आत्या, टाकून दे,
नवा घे, हप्ते मी भरतो.
त्याला जेवू घातलं आणि वाटेला लावलं.
त्यात माझा डाव आहे, एवढंच मला म्हणाल्या.

डाव बुद्धिबळाचा.
चिलीत वाल्दिव्हिया गावी कुणी ओस्वाल्दो आहे,
त्याच्याशी सहा वर्षं, मेलवरून, एकेक चाल.
दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.
खिडकीत पट मांडलेला, मोहरे लाकडी,
एका हत्तीच्या जागी बाटलीचं बूच.
अकरा आठवडे त्याची चाल नाही.
म्हणजे निघाली असेल, इथवर पोचली नाही.
बघ बाबा, घोडं कुठे पेंड खातंय.

मी टेबलाखाली शिरलो.
आधी वायर. टोकाची खिट्टी तुटलेली,
पाय लागला की निसटायची.
काडेपेटीतली काडी तासून खोचली.
हिरवा दिवा लागला.
झालं?
नाही झालं.
प्रत्येक पान उघडायच्या आधीच तोंड फिरवायचं,
भरवसा नाही, भरवसा नाही म्हणायचं.
दीड तास भलत्याच जागी हुडकलं,
तेव्हा कुठे कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं:
एक जानेवारी दोन हजार दोन,
पहाटेचे एक वाजून चाळीस.

यंत्र इमानी होतं बिचारं.
रोज रात्री मरायचं, रोज त्याच पहाटे जन्मायचं,
आणि आजचं कुणी दारात आलं की विचारायचं,
तुम्ही अजून जन्मलाच नाहीत,
कागद कसले दाखवता?

आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली.
दुकान उघडं होतं, पण उणे अठरा.
तिसऱ्या मजल्यावर, घरी आलो,
स्वयंपाकघरातला वजनकाटा उलटा केला.
तसलीच निघाली.
मारेत अंघोळीला गेली होती. मी काही बोललो नाही.

साल मी टाकलं. तारीख बाईंनी सांगितली.
मिनिटं मात्र रेडिओच्या ठोक्यावर लावायला लावली,
अर्धा तास थांबवून.

मग चार पत्रं एकदम.
पहिल्यात घोड्याची चाल, बाकी काही नाही.
दुसऱ्यात, पोचली का?
तिसऱ्यात, आजारी आहात का, आणि खाली चुकून
त्याच्या गावच्या पावसाबद्दल अर्धं वाक्य.
चौथ्यात: घड्याळ मी थांबवलंय. सावकाश.

मी उगाच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो,
म्हातारं माणूस, डोळे भरले तर.
बाई खिडकीशी गेल्या,
काळा घोडा उचलला, सांगितल्या घरात ठेवला,
चष्मा कपाळावर सरकवला.
गाढव आहे, म्हणाल्या. इथे कुणी ठेवतं का घोडा?
मग भोपळ्याच्या लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली
आणि निघ म्हणाल्या, मला विचार करायचाय.

मंगळवारी लिफ्टमध्ये भेटल्या.
पाठवली का चाल?
घाई कसली?
गुरुवारी रात्री उशिरा कामावरून आलो,
सहाव्या मजल्यावर एकच खिडकी उजेडात होती.
विचारलं नाही.

मारेत आठवडाभर अंदाजानं पीठ घेतेय.
शनिवारचा पाव विटेसारखा झाला,
लोणच्याबरोबर खाल्ला.
काटा असा अचानक कसा बंद पडला,
बघ ना जरा, असं ती मलाच सांगते,
मी लिफ्ट दुरुस्त करतो म्हणून.