शिडी

बाल्कांवातला दिवा गेला त्या दिवशी
मला आठवलं, आपल्याकडे शिडी आहे.
म्हणजे होती.
शांबा च्यारीनं किंदळाच्या लाकडाची केलेली, अकरा पायऱ्यांची,
आणि खालच्या पायरीवर मुक्तानं
ऑइलपेंटनं लिहिलेलं आडनाव,
त्याच्यापुढे, जागा उरली म्हणून, 'परत देणे.'

गेली त्याला सहा वर्षं झाली.
मुक्ता, म्हणतोय मी.
शिडी चवथीला गेली.

माटोळी बांधायला गोकुळदासानं नेली होती.
नवा दिवा खिशात घालून सकाळी दहाला निघालो.
तो वाफ्यात पाणी शिंपत होता, म्हणाला,
"ती कधीच इर्मेलिंदकडे गेली, टाकी धुवायला.
पण आलात तर बसा."
बसलो. चहा झाला. गुडघ्यांविषयी बोललो,
त्याचा डावा, माझा उजवा.
निघताना तांबड्या भाजीची जुडी काखेत दिली,
मुळांची माती तशीच.

इर्मेलिंद दोदोल घोटत होती.
"मास्तर, आधी डाव धरा, मग बोला."
अर्धा तास काळ्या गुळाशी झुंजलो
आणि ती शेजारी बसून कपाळ पुसत राहिली.
मुलगा यंदाही नाताळाला येत नाही, बोटीवर आहे,
हे तिनं कढईकडे बघत सांगितलं.
मी घोटत राहिलो. दुसरं काय करणार?
शिडी? ती चॅपेलात, चुना काढायला.

चॅपेलात आगुस्तीन.
हसला, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.
"शिडी फेरीनं पलीकडे गेली, नार्व्याला,
माझ्या मेहुणीचे नळे फुटलेत.
माणसांना तिकीट नाही, शिडीलाही नाही घेतलं."

बघा, मी तीन वर्षांत बेट सोडलेलं नाही
आणि माझी शिडी नदी ओलांडून पाहुणी गेली!
रागावणार होतो.
पण आगुस्तीननं व्हिनेगरची बाटली पुढे केली,
दोन्ही हात भरलेले असताना
माणसाला रागावता येत नाही नीट.

संध्याकाळी परतलो:
काखेत भाजी, केळीच्या पानात गरम दोदोल,
बगलेत बाटली,
खिशात तोच दिवा.

काळोखात सोप्यावर बसलो.
काळोख तरी कुठला?
समोर इर्मेलिंदचं कागदी नखेत्र पेटलं होतं,
त्याचा लाल तुकडा माझ्या पायरीवर,
चपलांवर,
मुक्ताच्या रिकाम्या खुर्चीच्या एका हातावर.
ते तिच्या माडीच्या टोकाला टांगायला
कुणाची शिडी लागली असेल, हे लक्षात आलं
तेव्हा एकटाच हसलो, मोठ्यानं.
कुत्रा उठून बघून गेला.

नवव्या दिवशी शिडी भिंतीला टेकलेली.
कोणी आणली, दिसलं नाही.
चढलो.
सातवी पायरी मुक्ताच्या वेळेपासून तडकलेली,
ती आम्ही ओलांडूनच चढायचो;
सवयीनं पाय उंच गेला
आणि मग खाली बघितलं.
कोरं लाकूड. कडा घासून गोल केलेल्या,
पायाला लागू नयेत म्हणून.

विचारलं सगळ्यांना.
गोकुळदासानं आगुस्तीनकडे बोट दाखवलं,
आगुस्तीननं नदीपलीकडे.
इर्मेलिंद म्हणाली, शिडीला पायऱ्या असतात, मास्तर,
मोजत कोण बसतो?

आमच्याकडे आभार मानत नाहीत,
'देव बरें करूं' म्हणतात.
जन्मभर म्हणत आलो, तोंडची सवय.
त्या दिवशी शिडीवर उभा राहून म्हटलं
आणि कोणाला म्हणतोय ते ठाऊक नव्हतं,
म्हणून तोंड फिरवून चारी बाजूंना म्हटलं.

दिवा फिरवून बसवला. पेटला.
खाली फाटकाशी कुणीतरी सायकल टेकवून उभं,
"मास्तर, शिडी मोकळी आहे का?"

अरे, थांब,
उतरू तर दे.